मुंबई ते न्यूयॉर्क, सोळा तास: पहिल्यांदा निघालेल्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते. मी पाच वेळा जाऊन आले, त्यातल्या दोन खेपा एकटीने केल्या, बाकी आम्ही दोघांनी. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाचा अमेरिकेचा व्हिसा झाला, की दुसऱ्या दिवशी माझी बेल वाजते. प्रश्न तेच ते असतात. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, एकदाचं लिहूनच टाक." म्हणून हा खटाटोप.

आधी एक सांगते. मुलं तिकडे बसून तिकीट काढतात, विमा काढतात, व्हीलचेअर सांगतात आणि आपण पत्ता चिकटवलेल्या पार्सलसारखे निघतो. विचारलं कुठे उतरणार, तर "मुलाला माहीत आहे". मुलगा त्या वेळी बारा हजार किलोमीटरवर झोपलेला असतो. खालचं सगळं त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी लिहिलंय.

नक्की किती लांब आहे? खरंच सोळा तास लागतात का?

सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना साडेचौदा-पंधरा. येताना कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना विमान वाऱ्याच्या तोंडावर जातं, येताना वारं पाठीशी असतं. आमचे हे रेल्वेत होते. ते म्हणाले, "म्हणजे जाताना कसारा घाट. फक्त मागून ढकलणारं बँकर इंजिन लावायची सोय नाही."

एवढा वेळ वैमानिकांची एकच जोडी चालवत नाही. चार जण असतात, ते पाळीपाळीने झोपतात आणि त्यांच्यासाठी आत वेगळी बिछान्यांची जागा असते. इंधनाचं विचाराल तर बोइंग ७७७-३००ईआर या मोठ्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर मावतं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो दहा हजार लिटरचा. असे अठरा.

आणि सोळा तास जास्त वाटत असतील तर हे बघा. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली ती १९६० च्या मे महिन्यात, बोइंग ७०७ आल्यावर, तीही लंडनमार्गे. आज मध्ये न थांबणारी जगातली सर्वात लांब नियमित फेरी सिंगापूर-न्यूयॉर्क आहे, अठरा तासांच्या वर.

समोरच्या पडद्यावर विमान रशिया नाहीतर ग्रीनलँडच्या बाजूला दिसतं. वाट चुकलं का?

नाही हो. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, पृथ्वी नसते. नातवंडांचा पृथ्वीचा गोळा घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. तीच सगळ्यात जवळची वाट.

प्रत्यक्षात वारे, वादळं आणि राजकारण बघून रोज मार्ग ठरतो. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. मुंबईहून अरबी समुद्रावरून निघता येतं म्हणून आपल्याला त्याची झळ तुलनेने कमी. तरी तिकिटावर छापलेली वेळ आणि खरी वेळ यांत तास-दीड तास इकडेतिकडे धरूनच चाला.

थेट विमान घ्यावं की मध्ये थांबणारं?

एकटे जात असाल, भाषेची भीती असेल, तर थेट. चार पैसे जास्त पडले तरी. मध्ये उतरलं की नवं टर्मिनल, नवी सुरक्षा तपासणी, नवं गेट. पहिल्या खेपेला आम्ही युरोपातल्या एका विमानतळावर गेट शोधत पाऊण तास चाललो, आणि शेवटी कळलं की गेट बदललंय. हे पाटीवर लिहिलेलं होतं. आम्ही बोर्डिंग पासवर छापलेल्यावर विश्वास ठेवून बसलो होतो.

ज्यांना सलग बसवत नाही, पाठीचं दुखणं आहे, त्यांना मात्र मधला थांबा बरा पडतो. लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस, दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल असे पुष्कळ पर्याय आहेत. त्यांत अबू धाबीची गंमत अशी, की अमेरिकेचं इमिग्रेशन, म्हणजे देशात शिरतानाची तपासणी, तिथेच उरकतं. अमेरिकेने २०१४ पासून तिथे आपले अधिकारी बसवले आहेत. तिथून निघालेलं विमान न्यूयॉर्कला उतरतं तेव्हा तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे सरळ बाहेर पडता. पण मग तिथल्या थांब्याला तीन-चार तास तरी हवेत.

थांबा घेतलात तर दोन गोष्टी मुलांकडून पक्क्या करून घ्या. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे ना? दोन वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. आणि ज्या देशात थांबणार तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का? अमेरिकेचा चालू व्हिसा असला की बऱ्याच ठिकाणी लागत नाही, पण विमानतळच बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी. निघण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्या.

तिकिटावर १२ तारीख, रात्री १.३० लिहिलंय. म्हणजे कधी निघायचं?

अकराच्या रात्री! हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. आमच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ बाराच्या रात्री जेवून टॅक्सीची वाट बघत बसले होते. त्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. कॅलेंडरवर ११ तारखेच्या चौकोनात लाल पेनाने "आज रात्री" असं लिहा.

विमान रात्री दीड-दोनला निघून त्याच तारखेला सकाळी न्यूयॉर्कला उतरतं, त्यामुळे लोक आणखी गोंधळतात. सोळा तास गेले, मग दिवस कुठे गेला? तर न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार साडेनऊ, बाकी हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक घड्याळच पुढेमागे करतात. मुलाला फोन करताना हे लक्षात ठेवा, म्हणजे त्याची झोपमोड होणार नाही.

सहारला टी-२ वर, म्हणजे टर्मिनल दोनवर, चार तास आधी पोचायचं. पुण्याहून येणाऱ्यांनी त्यात प्रवासाचे पाच-सहा तास धरावेत, पावसाळ्यात आणखी जास्त. खंडाळ्याच्या घाटात एक टँकर आडवा झाला की एक्सप्रेसवे तुमच्यासाठी थांबतो, विमान थांबत नाही. आता नवी मुंबईचाही विमानतळ झालाय, तेव्हा तिकिटावर कुठला विमानतळ लिहिलाय तेही वाचा.

जेएफके आणि न्यूअर्क, दोन्ही न्यूयॉर्कच ना?

दोन वेगळे विमानतळ आहेत. जेएफके न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आहे, न्यूअर्क न्यू जर्सीत. मुलं एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन अशा ठिकाणी राहत असतील तर न्यूअर्क त्यांना जवळ पडतं. जेएफकेहून एडिसनला यायचं म्हणजे पूल, टोल आणि गर्दीचा रस्ता, दोन तास सहज मोडतात. तरी थेट विमान जेएफकेचं असेल आणि न्यूअर्कला जायला मध्ये उतरावं लागत असेल, तर मी जेएफकेच घेईन. जावयाला दोन तास गाडी चालवू दे.

किती बॅगा? किती किलो?

अमेरिकेच्या प्रवासाला साधारण प्रत्येकी २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा मिळतात. एक की दोन, ते तिकिटाच्या प्रकारावर आहे. हल्ली स्वस्त तिकिटात एकच मिळते, म्हणून शेजारणीच्या अनुभवावर जाऊ नका, आपलं तिकीट वाचा. केबिन बॅग, म्हणजे आपल्यासोबत विमानात न्यायची, ती सात-आठ किलोची.

दोन बॅगांचे मिळून ४६ किलो होतात म्हणून एकीत २७ आणि दुसरीत १९ भरलं, असं चालत नाही. प्रत्येक बॅग वेगळी मोजतात. मग काउंटरवर खाली बसून बॅग उघडायची, आणि मागच्या रांगेसमोर आपले गाऊन आणि चकलीचा सोऱ्या बाहेर. हे मी केलेलं आहे. दोनेकशे रुपयांचा हातात धरायचा वजनकाटा मिळतो, तो घ्या. आणि बॅग साडेबावीसला थांबवा, घरच्या काट्यावर फार भरवसा नको.

खायचं काय नेता येतं? लोणचं? आंबे? भाजणी?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्या आधीचे.

चालतं ते आधी सांगते. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चटण्या, पापड, आमसुलं, लाडू, चिवडा, चकल्या. लोणचं चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर सोपवतो त्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्याला चिकटपट्टी आणि बाहेरून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. गेल्या वेळी माझ्या वहिनीच्या बॅगेत कैरीच्या लोणच्याचं तेल सुटलं. पैठणी गेली, लोणचं राहिलं. वहिनी अजून कुणाशी धड बोलत नाही.

पीठ आणि मसाले केबिन बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हातातल्या सामानात असली तर ती वेगळी काढून तपासतात, आणि काय आहे ते ठरलं नाही तर ठेवून घेतात. मेतकूट काय असतं ते समजावत बसण्याची ती जागा नव्हे. १०० मिलिलिटरच्या वरचं पातळ काहीही केबिन बॅगेत चालत नाही, त्यात तूप, मध, आमरस सगळं आलं.

आता चालत नाही ते.

सुकं खोबरं विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतसुद्धा नाही. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. चटणीत घातलेलं खोबरं वेगळं, अख्ख्या वाट्या नकोत. पूजेच्या सामानातला कापूर आणि काडेपेटीही काढा. उदबत्ती चालते.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, रोपं, बिया यांतलं काही अमेरिकेत नेता येत नाही. कढीपत्त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड जाते, म्हणून त्यांचा त्यावर फार डोळा. तांदूळही नाही, कारण आपल्याकडच्या धान्यात खापरा नावाचा भुंगेरा असू शकतो. आंबेमोहोर नेण्याचा मोह आवरा. कडधान्यंही नकोतच, एडिसनच्या ओक ट्री रोडवर मटकीपासून कुळथापर्यंत सगळं मिळतं.

आणि हापूस नाही म्हणजे नाही. "पण अमेरिकेत तर हापूस मिळतो" असं लोक म्हणतात. मिळतो, पण तो वेगळ्या वाटेने जातो. कोयीत राहणाऱ्या भुंगेऱ्याच्या आणि फळमाशीच्या भीतीने तिथे आपल्या आंब्याला बरीच वर्षं बंदी होती. २००७ मध्ये ती उठली, ती आंब्यावर गामा किरणांचा मारा करून पाठवायचा या अटीवर. ते काम नाशिक जिल्ह्यात लासलगावला सुरू झालं, जिथे मुळात कांद्यासाठी ते केंद्र उभारलं होतं. तुमच्या बॅगेतला रत्नागिरीचा डझन लासलगावला जाऊन आलेला नसतो. तो जेएफकेच्या कचऱ्याच्या डब्यात जाणार, आणि तुम्ही बघत राहणार.

दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांना अजून एक. खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत आहे. अमेरिकेत चालते म्हणून बॅगेत टाकाल आणि मधल्या थांब्यावर अडकाल. अनारशांना खसखस लावलेली असते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. अनारसे करायचेच असतील तर कोरडं पीठ न्या आणि तिकडे तळा.

मग कस्टम्समध्ये खाण्याचं सांगायचं की लपवायचं?

सांगायचं. "फूड आहे का?" असं विचारलं तर "येस, ड्राय स्नॅक्स, पिकल, स्पायसेस". सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ते फक्त काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो, आणि तो डॉलरमध्ये. नाव नसलेल्या पिशव्या नकोत. प्रत्येक पुडीवर मार्करने इंग्रजीत लिहा. मी भाजणीवर "रोस्टेड मिक्स्ड फ्लाउर" लिहिते. रोख रक्कम घरातल्या सगळ्यांची मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर तीही सांगावी लागते, पण आपला तो प्रश्न नाही.

विमानात शाकाहारी जेवण मिळतं का? उपवास असेल तर?

मिळतं, पण आधी सांगावं लागतं. निदान २४ तास आधी, मुलांनी तिकीट काढतानाच सांगितलं तर उत्तम. साधं शाकाहारी म्हणजे "एशियन व्हेजिटेरियन", कांदा-लसूण-कंदमूळ नको असेल तर "जैन मील". खास जेवण सांगितलं की ट्रॉलीच्या आधी येतं. आजूबाजूचे सगळे बघत असतात आणि आपण खात असतो. उपवासाचं कुणी देत नाही. शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या जवळ ठेवा. उपवास नसला तरी ठेवा, कारण मध्यरात्री दोन जेवणांमध्ये सात-आठ तास जातात.

व्हीलचेअर घ्यावी का? धडधाकट असून घेतली तर वाईट दिसतं का?

यावर सोसायटीत दोन तट आहेत. माझं मत सांगते. गुडघे, हृदय, दम, चक्कर, यांपैकी काही असेल तर बिनदिक्कत घ्या. टी-२ मध्ये दारापासून गेटपर्यंतची चाल लांब आहे आणि जेएफकेला इमिग्रेशनच्या रांगेत दीड-दोन तास उभं राहावं लागू शकतं. सेवा फुकट आहे, फक्त निदान ४८ तास आधी नोंदवा.

पण "रांग टळते" एवढ्यासाठी घेऊ नका. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना व्हीलचेअरची इतकी मागणी असते, की ज्याला खरंच चालता येत नाही तो माणूस विमानाच्या दारात बाकावर बसून राहतो. मी एकदा असे आजोबा पाहिले. त्यांच्या शेजारच्या बाई खुर्चीतून उतरून ड्युटी-फ्रीमध्ये चॉकलेटं बघून आल्या.

इंग्रजीच्या भीतीने घेणारेही खूप आहेत. ते मला समजतं. त्यापेक्षा विमान कंपनीला "मीट अँड असिस्ट" मिळतं का ते विचारा. माणूस मिळतो, खुर्ची नाही.

सोळा तास बसवेल का? पाय सुजतात म्हणे.

सुजतात. चपला सैल घाला, बूट काढलात तर परत घालताना त्रास होतो.

विमानात हवेचा दाब जमिनीएवढा नसतो. साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा असतो. म्हणजे किती? कळसूबाई ५,४०० फूट. तुम्ही अख्खी रात्र कळसूबाईच्या शिखरापेक्षा वर बसलेले असता, आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. म्हणून पाणी मागून मागून प्यायचं. "सारखं उठावं लागेल" म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका मला माहीत आहेत, मी त्यांतलीच होते. एकदा न्यूयॉर्कला उतरले तेव्हा डोकं ठणकत होतं आणि लघवीला जळजळ. पुढच्या खेपेपासून आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची. खिडकीतून रात्री काय दिसणार?

दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चक्कर मारा. बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करत राहा. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते सांगतील तर घट्ट मोजे घालायचे, स्वतःच्या मनाने नाही.

आणि एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही. विमानाच्या संडासात फक्त कागद असतो. एक रिकामी छोटी प्लॅस्टिकची बाटली पर्समध्ये ठेवा, आतल्या नळावर भरता येते.

औषधं कुठे ठेवायची? गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या?

सगळी औषधं हातातल्या पर्समध्ये. चेक-इन बॅग हरवली, उशिरा आली, तर बीपीची गोळी तिथल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाही. इन्सुलिन तर चेक-इन बॅगेत कधीच नको, सामानाच्या कप्प्यात गोठलं तर वाया गेलं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, आणि तीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत.

वेळा बदलण्याचं मी सांगणार नाही. मधुमेह आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचं गणित माणसागणिक वेगळं असतं. डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, मुंबईची वेळ एका बाजूला, न्यूयॉर्कची दुसऱ्या.

इमिग्रेशनला काय विचारतात? इंग्रजी आलं नाही तर परत पाठवतात का?

इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. दुभाषा मागता येतो. "मराठी, प्लीज" एवढं सांगायचं.

बोटांचे ठसे, फोटो आणि चार प्रश्न. कशासाठी आलात? कुणाकडे राहणार? किती दिवस? परतीचं तिकीट आहे का? खरी आणि छोटी उत्तरं द्या. आमच्या पहिल्या खेपेला यांना विचारलं, "हाऊ लाँग?" हे घाबरून म्हणाले, "सिक्स मंथ्स." सोसायटीत सगळे तेच म्हणतात ना! तिकीट साडेतीन महिन्यांचं होतं. अधिकाऱ्याने मान वर केली. मग मी पुढे होऊन परतीचं तिकीट काचेखाली सरकवलं. त्याने ते नीट वाचलं, शिक्का मारला आणि विचारलं, "एनी पिकल्स?"

लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. तुम्ही लेकीला आणि नातवाला भेटायला चालला आहात. पर्यटक व्हिसावर काम करायला परवानगी नसते आणि "बेबीसिटिंग" हा तिकडे पगारी धंदा आहे. तो शब्द वापरलात की पुढचे प्रश्न वाढतात.

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पोचल्यावर मुलांना ती ऑनलाइन काढून दाखवायला सांगा.

पर्समध्ये एका कागदावर इंग्रजीत मुलाचं नाव, पत्ता, फोन लिहिलेला असू द्या. मोबाइलमध्ये आहे हे उत्तर नाही, मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. पॉवर बँक न्यायची तर केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

न्यूयॉर्कहून पुढे अजून एक विमान आहे. बॅगा थेट पोचतील ना?

मुंबईत काउंटरवरचा मुलगा "थ्रू आहे" म्हणेल, टॅगवर शेवटच्या गावाचं नावही असेल. तरी अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे बॅगा पट्ट्यावरून स्वतः उतरवायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि बाहेरच्या काउंटरवर परत द्यायच्या. हे न कळून लोक पुढे निघून जातात आणि बॅगा न्यूयॉर्कला. अबू धाबीला इमिग्रेशन झालं असेल त्यांना यातून सूट. दोन विमानांत निदान तीन तास असावेत.

जेट लॅग किती दिवस राहतो?

आठवडाभर धरा. पहिले तीन दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते. मी तेव्हा लेकीच्या स्वयंपाकघरात आवाज न करता डबे लावते. दुपारी मात्र झोपायचं नाही, उन्हात फिरायचं. येताना जास्त जड जातं, पूर्वेकडच्या प्रवासात शरीराला घड्याळ पुढे ढकलावं लागतं आणि त्याला ते आवडत नाही.

विमा खरंच लागतो?

लागतो. तिथे दवाखान्याची एक रात्र म्हणजे आपला फ्लॅट विकायची पाळी. आधीपासूनच्या आजारांचं काय, ते बारीक अक्षरात वाचा. बीपी, शुगर लपवून काढलेला विमा ऐन वेळी कामाला येत नाही.

पट्ट्यावर आपली बॅग ओळखायची कशी? सगळ्या सारख्याच दिसतात.

मी आधी जुन्या इरकलीचा काठ फाडून मुठीला बांधायचे. लेकीने ही युक्ती तिच्या मराठी मंडळात सांगितली. गेल्या खेपेला जेएफकेच्या पट्ट्यावर इरकलीचा काठ बांधलेल्या तीन बॅगा लागोपाठ आल्या, आणि त्यातली एकही माझी नव्हती. आता यांच्या जुन्या लेंग्याची नाडी बांधते, तीन गाठी मारून.